टँकरचा डेटा कुठे मिळेल? आधी तो कोण लिहितो ते शोध

अगं, तुझा प्रश्न वाचला. इंदूरात उन्हाळ्यात निगम (आपली महापालिका) पाण्याच्या टँकरवर किती खर्च करतं आणि ते पाणी खरंच वस्तीत पोचतं का, यावर तुला स्टोरी करायचीय, आणि सरकारचं ओपन डेटा पोर्टल पालथं घालूनही टँकरचा एकही डेटासेट मिळाला नाही म्हणून तू वैतागलीयस. तिथे नाहीच मिळणार. ते पोर्टल 2012 पासून आहे, कामाचंही आहे, पण खात्यांना जे द्यावंसं वाटतं तेवढंच तिथे येतं. आपल्याला हवा असतो तो डेटा बहुतेक वेळा डेटासेट म्हणून कोणी बनवलेलाच नसतो, तो कुठल्यातरी बिलाला पिन मारून जोडलेला असतो.

म्हणून सुरुवात सर्चपासून नको, पैशापासून कर. टँकरवाल्याला पैसे फेरीवर मिळतात की दिवसाच्या भाड्यावर? फेरी झाली हे कोण लिहितं, सही कोण करतं, मग बिल कोणाच्या टेबलावर जातं? टेंडर, वर्क ऑर्डर, लॉगबुक, बिल, पेमेंट व्हाउचर, या प्रत्येक ठिकाणी कागद तयार होतो आणि जिथे कागद आहे तिथे तुझा डेटा आहे. पहिलं काम म्हणजे राज्याच्या ई-टेंडर पोर्टलवरून टेंडरच्या अटी काढ आणि शांतपणे बसून वाच, कंटाळवाणं असतं पण इथेच कळतं की ठेकेदाराने काय काय रेकॉर्ड ठेवायचं होतं. जीपीएसची अट असेल तर जीपीएसचा रेकॉर्डसुद्धा मागता येतो, आणि नाही मिळाला तर तीही बातमीच आहे.

मग आरटीआय, म्हणजे माहितीचा अधिकार. 2005 चा कायदा आहे, अर्जाची फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. "टँकरविषयी सर्व माहिती द्या" असं अजिबात लिहू नकोस, त्याला "माहिती विस्तृत आहे" एवढं एका ओळीचं उत्तर येतं. अमुक झोन, एप्रिल ते जून, लॉगबुकच्या प्रती आणि त्याच काळातल्या बिलांच्या प्रती, इतकं नेमकं माग. कॉम्प्युटरमध्ये असेल ते सॉफ्ट कॉपीत मागायचा हक्क कलम 2(जे) मध्येच आहे, आणि फाइल स्वतः जाऊन बघायचा हक्कही तिथेच आहे, तो लोक वापरतच नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. ड्रायव्हरांची नावं, मोबाइल नंबर मागू नकोस. एकतर तुला ते लागत नाहीत, दुसरं म्हणजे 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने आरटीआयमधलं वैयक्तिक माहितीबद्दलचं कलम 8(1)(जे) बदललंय, त्यामुळे वैयक्तिक माहितीच्या नावाखाली अख्खा अर्ज फेटाळायला बाबूला आयतं कारण मिळतं. गाडी नंबर, तारीख, वेळ, वस्ती, रक्कम, बस.

स्वतः जाऊन बघ असं मी का म्हणतो ते सांगतो. एका ऑफिसात (नाव नको) मी अशी लॉगबुकं बघितलीयत. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, फेऱ्यांच्या वेळा सगळ्या पूर्ण तासाच्या, आठ, नऊ, दहा, आणि पानाला एक सुरकुती नाही. गाडीत डॅशबोर्डवर पडलेली वही अशी राहते का? याने लबाडी सिद्ध होत नाही, कोणीतरी चिठ्ठ्यांवरून मागाहून उतरवून घेतलं असेल, पण त्या "वेळ" नावाच्या रकान्यावर तू किती भरवसा ठेवायचा ते कळतं. तीच वही टाइप होऊन एक्सेलमध्ये आली की यातलं काही दिसत नाही, सगळं स्वच्छ दिसतं.

आणि एकटी यादी फार बोलत नाही, दोन याद्या समोरासमोर आणाव्या लागतात. बिहारचा चारा घोटाळा आठव, 1996 ला बाहेर आला, त्यात जनावरं नि चारा वाहून नेणाऱ्या ट्रकांचे म्हणून दिलेले नंबर आरटीओच्या रेकॉर्डशी लावले तर त्यात स्कूटरींचे नंबर निघाले. काही हायफाय नाही, एक बिल आणि एक आरटीओचा रकाना. इलेक्टोरल बाँडचं, म्हणजे राजकीय पक्षांना देणगी द्यायच्या रोख्यांचं, तर परवापरवाचं आहे, मार्च 2024 मध्ये आधी दोन वेगळ्या याद्या आल्या, कोणी घेतले आणि कोणत्या पक्षाने वटवले, पण दोघींना जोडणारं काहीच नव्हतं. मग सुप्रीम कोर्टाने बाँडचे नंबर द्यायला लावले आणि पत्रकारांनी ओळीला ओळ जुळवली. तुझ्या स्टोरीत तो जोडणारा रकाना म्हणजे गाडी नंबर. लॉगबुकातला नंबर बिलात आहे का, तो टँकर म्हणूनच रजिस्टर आहे का, आणि एकच गाडी दहा मिनिटांत शहराच्या दोन टोकांना पोचलीय का, हे तीन प्रश्न विचार.

साफसफाईला वेळ लागेल, त्याची तयारी ठेव. आपल्याकडची हिंदी कागदपत्रं अजून कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतात, पीडीएफमधून कॉपी केलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. आधी युनिकोडमध्ये बदल, मग रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपास. टॅब्युला नावाचं सॉफ्टवेअर पीडीएफमधले तक्ते काढतं, पण स्कॅन केलेल्या पानावर ते चालत नाही, तिथे हाताने टाइप करणंच बरं. मग "सुदामा नगर", "सुदामानगर", "सुदामा न. ई सेक्टर" हे सगळं एकत्र आणायला ओपनरिफाइन हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि उत्तम आहे, फक्त ते सुचवेल त्या प्रत्येक गटाला हो म्हणू नकोस, सेक्टर वेगळे ठेवायचे असतील तर वेगळेच ठेव. मूळ फाइलला मात्र हात लावायचा नाही, तारीख घालून वेगळी ठेव आणि काम कॉपीवर कर. व्यापममध्ये, म्हणजे मध्य प्रदेशातल्या प्रवेश नि भरती परीक्षांच्या घोटाळ्यात, एक्सेल शीट बदलली की नाही यावरून केवढा गदारोळ झाला ते या शहराने बघितलंय.

वॉर्डवार दरडोई पाणी काढायचा मोह तुला होणार. जपून. शेवटची जनगणना 2011 ची, तेव्हा इंदूरात 69 वॉर्ड होते, आता 85 आहेत, हद्दीच बदलल्यात. नव्या वॉर्डाच्या फेऱ्यांना जुन्या वॉर्डाच्या लोकसंख्येने भागलंस तर येणारा आकडा दिसायला नेमका पण चुकीचा असेल. त्यापेक्षा फेऱ्या आणि खर्च तसेच दाखव. भूजलाची बाजू केंद्रीय भूजल बोर्डाकडून घे, ते वर्षातून चारदा विहिरींची पातळी मोजतात, पण आधी बघ की तुझ्या भागात त्यांची विहीर आहे तरी का.

नंतर पायी फीर. यादीतल्या दहा-पंधरा वस्त्या निवड, निवडताना फक्त संशयाच्या नको, साध्याही घे, आणि बायकांना विचार, कारण टँकर किती वाजता येतो नि किती दिवस आला नाही हे त्यांना पाठ असतं. पार्षदाला (नगरसेवकाला) शेवटी भेट. मग विभागाला प्रश्न लेखी पाठव, तारखांसकट आणि गाडी नंबरसकट, उत्तराला पुरेसा वेळ दे, जे उत्तर येईल ते छाप.

अर्ज मात्र आत्ताच टाक, गेल्या उन्हाळ्याच्या रेकॉर्डसाठी. 30 दिवस उत्तराचे, नाही आलं तर पहिलं अपील, त्याचे 30 ते 45, शिवाय मध्य प्रदेशात अपिलाला वेगळी फी लागते. पुढच्या एप्रिलात टँकर परत रस्त्यावर यायच्या आत कागद हातात हवेत, म्हणजे जुनी वही आणि समोरची गाडी दोन्ही एकदम तपासता येतील. पानं मिळाली की सांग, गाडी नंबरांचा रकाना तुझ्यासोबत बसून बघायला मी तयार आहे.