त्यांच्या वहीतल्या कोऱ्या रात्री

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. पत्र चार वेळा वाचलं. गेलेल्या बाबांवर लेख म्हणून दोन पानं लिहायची आहेत, पण पहिल्या ओळीपुढे गाडीच सरकत नाही, असं तू म्हणतेस. ती ओळ इथे पुन्हा लिहितो: 'बाबा हे अत्यंत कुटुंबवत्सल आणि छंदिष्ट व्यक्तिमत्त्व होतं.' गाडी इथे अडली यात नवल नाही. हे वाक्य कुणाच्याही बाबांना चिकटवता येतं. तुझे बाबा त्यात कुठेच नाहीत.

पुढे तू जे लिहिलंस ते मात्र मनाला लागलं. छंद इतके, की एकेकाला एकेक परिच्छेद दिला तरी नुसती यादी होते. घरासाठी त्यांनी जे केलं त्याचा वेगळा भाग करावा, तर 'आम्हाला कधी काही कमी पडू दिलं नाही' यापुढे शब्द सुचत नाहीत. माझं सांगणं एकच आहे, हे दोन भाग करूच नकोस. ज्याचा जीव घरात आणि छंदात सारखाच गुंतलेला असतो, त्याचं घर त्याच्या छंदाच्या वहीतच सापडतं. तूच पाठवलेल्या फोटोंवरून दाखवतो.

बाबांचं हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संपर्काच्या छंदाचं, लॉगबुक घे, प्रत्येक संपर्काची नोंद असलेली ती वही. तू म्हणतेस, त्यात नुसते आकडे आहेत, लिहिण्यासारखं काही नाही. मला या छंदातलं थोडं कळतं, म्हणून मी ती दोन पानं भिंगाखाली धरून पाहिली. पहिल्या पानावर सिग्नल रिपोर्टच्या रकान्यात सगळीकडे दोन आकडी नोंदी आहेत: 59, 57, 58. म्हणजे बाबा माइकवर बोलून संपर्क करत होते. पहिला आकडा बोलणं किती कळतंय त्याचा, दुसरा सिग्नल किती जोरात येतोय त्याचा. ऑगस्टच्या अखेरीस नोंदी थांबतात. त्याआधी जवळपास रोज रात्री रेडिओवर बसणारा माणूस सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर गप्प आहे. पुढची नोंद थेट डिसेंबरातली, आणि तिथून पुढे रकान्यात 599, 579, 589. तिसरा आकडा आला म्हणजे मोर्स आलं, टिंब आणि रेघांची टकटक भाषा. स्वर किती शुद्ध आहे ते तो तिसरा आकडा सांगतो. पूर्ण पानभर एकही दोन आकडी नोंद नाही.

तुझा वाढदिवस सप्टेंबरात असतो. त्या पानावरचं सालही तुझ्या जन्माचंच आहे.

बाळ, माइकवर बोलायचं म्हणजे मोठ्याने बोलावं लागतं. सिग्नल बारीक असला की तेच तेच ओरडून सांगावं लागतं. मोर्सला हेडफोन कानावर चढवले आणि बोटाखाली 'की', म्हणजे टकटक करायची कळ, घेतली की खोलीत हलक्या टकटकीशिवाय आवाज नसतो. शेजारी तान्हं मूल निजलेलं असलं तरी जागं होत नाही. तीन महिने त्यांनी रेडिओला हात लावला नाही, आणि परत वळले ते आवाज न करता. हे माझं अनुमान आहे, आईला विचारून खात्री कर. खरं निघालं, तर तुझ्या लेखाची सुरुवात तुला मिळाली. 'कुटुंबवत्सल' हा शब्द मग लिहावाच लागणार नाही.

त्या वहीचं आणखी एक काम आहे. गेलेल्या सोबत्याला हॅम मंडळी 'सायलेंट की' म्हणतात, म्हणजे त्याची कळ शांत झाली. वहीत कोणता कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखचिन्ह, पुन्हा पुन्हा येतो ते पाहा आणि त्यांना कळव. ड्रॉवरमधल्या क्यूएसएल कार्डांवर, म्हणजे संपर्काची खूण म्हणून पाठवतात त्या कार्डांवर, पत्ते असतील. वीस-वीस वर्षं बाबांचा आवाज ऐकलेली ही माणसं तुम्ही घरच्यांनी कधी पाहिलेली नाहीत. बाबा तुमच्याबद्दल त्यांच्याशी काय बोलायचे, ते त्यांनाच ठाऊक. वेळा वाचताना एक लक्षात ठेव, लॉगबुकात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ लिहितात. आपल्या घड्याळात बदलून घे, नाहीतर पहाटेची रात्र करून बसशील.

आता माझं सांगतो, कारण तुझ्या पत्रात 'या आठवड्यात खोली आवरायची आहे' हे वाक्य आहे आणि त्याने माझी झोप उडवली आहे. माझ्या वडिलांना आकाश बघायचा नाद होता. दुर्बीण स्वतः जुळवलेली, आणि रोजच्या निरीक्षणांच्या वह्या. ते गेले तेव्हा मी तिशीत होतो, कामाच्या धबडग्यात होतो. आठ दिवसांत खोली रिकामी केली. दुर्बीण एकाला देऊन टाकली, वह्या रद्दीत घातल्या. आकडे, तारखा, ताऱ्यांची नावं, त्यात काय वाचायचंय, असं मला वाटलं. एक वही दुसऱ्याच पुस्तकांत अडकून राहिली आणि बऱ्याच वर्षांनी हाती लागली. मार्च 1986 ची. हॅलेचा धूमकेतू फेब्रुवारीत सूर्याला वळसा घालून पहाटेच्या आकाशात आला होता. त्या फेरीत तो फारच फिका होता. वडिलांनी आम्हा भावंडांना अंधारात उठवून गच्चीवर नेलं होतं, हे मला आठवत होतं. वहीत त्या पहाटेखाली दोन ओळी आहेत: 'धूमकेतू अंधुक, शेपूट जेमतेम. धाकटीने स्वेटर घातला नव्हता, तिला कोटात घेऊन पाहिला.'

76 वर्षांतून एकदा येणारा पाहुणा, त्याला एक ओळ. लेकीच्या थंडीला दुसरी. बाकीच्या वह्यांत अशा किती ओळी असतील, ते मी आता कधीच सांगू शकणार नाही. म्हणून हात जोडून सांगतो, खोली आवरू नकोस. निदान वर्षभर तरी नको. आवरावीच लागली तर आधी जिथलं तिथे ठेवून फोटो काढ. कोणती वस्तू कशाशेजारी ठेवली होती, हीसुद्धा एक नोंदच असते.

सुतारकामाच्या भिंतीचा फोटो बघ. रंधा, पटाशा, गुण्या, करवती, प्रत्येक हत्याराभोवती त्यांनी पेन्सिलीने रेघ मारून जागा नेमून दिली आहे. सगळी हत्यारं त्यांच्या खांद्याच्या उंचीला. पण उजवीकडे खाली, जेमतेम गुडघ्याच्या वर, एका छोट्या हातोडीची आकृती आहे आणि खिळा रिकामा आहे. ती हातोडी कोणाची? तुझी की दादाची? शोध लागला तर तिच्यावर लिही. संपूर्ण कपाट कसं बनवलं ते राहिलं तरी चालेल.

पोस्टाच्या तिकिटांचं तू एका ओळीत उरकलंस, आणि त्याच ओळीत सोनं आहे. 'हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, सुओमी म्हणजे फिनलंड, मॅग्यार म्हणजे हंगेरी हे मला शाळेत जायच्या आधीपासून येत होतं.' अगं, पाच वर्षांच्या मुलीला हे आपोआप येत नाही. कुणीतरी तिला शेजारी बसवून चिमट्याने तिकीट उचलून दाखवलेलं असतं, आणि तिचे ओले हात अल्बमला लागणार नाहीत म्हणून स्वतःच्या रुमालाने पुसलेले असतात. रुमालाचं मी कल्पनेने म्हणतोय, तू खरं काय ते आठव. कुठे बसायचात? दिवा कुठल्या बाजूला असायचा? आणि एक सांगून ठेवतो, लिफाफ्यावर चिकटलेली तिकिटं भिजवून सोडवू नकोस. लिफाफ्यावरचा शिक्का, तारीख आणि पत्ता हे सगळं तिकिटाइतकंच मोलाचं आहे.

निगेटिव्हच्या पाकिटांना आंबट, व्हिनेगरसारखा वास येतो, असं लिहिलं आहेस. ती जुनी अ‍ॅसिटेटची फिल्म आतून विघटित होते आहे. ती पाकिटं बाकीच्या निगेटिव्हपासून आजच वेगळी कर, थंड आणि कोरड्या जागी ठेव, आणि स्कॅनिंगला पहिला नंबर त्यांचा लाव. फोटोंच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. 'बाबा कुठल्याच फोटोत नाहीत' ही तुझी तक्रार वाचली. तू पाठवलेल्या त्या बागेतल्या फोटोत खालच्या कडेला बघ, तुम्हा दोघांच्या पायांपर्यंत एक लांब सावली आली आहे, कोपर बाहेर काढलेल्या माणसाची. ऊन पाठीशी घेऊन फोटो काढायची त्यांची सवय दिसते. लेखासोबत फोटो द्यायचा असेल तर माझं मत या फोटोला.

माउथ ऑर्गनच्या कॅसेटचं थोडक्यात: ऐकायच्या आधी तिच्या मागच्या कडेच्या दोन्ही छोट्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या मोडून टाक, म्हणजे चुकून तिच्यावर काही रेकॉर्ड होणार नाही. पहिल्यांदा वाजवशील तेव्हाच कॉपी करून घे. दुसऱ्यांदा ती वाजेल याची खात्री नसते.

नमुना म्हणून काय वाचू, असं विचारलंस. चार्ल्स डार्विनची मुलगी अ‍ॅनी 1851 मध्ये दहा वर्षांची असताना गेली. आठवडाभरात त्याने तिच्यावर काही पानं लिहिली, घरापुरती. ती चिमूटभर तपकीर हळूच पळवून जिना उतरत धावत त्याच्याकडे यायची, आणि देण्याच्या आनंदाने तिचा चेहरा कसा उजळायचा, हे त्याने त्यात लिहून ठेवलं आहे. तिच्या गुणांची गोळाबेरीजही तिथे आहे, पण वाचणाऱ्याच्या मनात राहते ती तपकीर. हाच माणूस रोज संध्याकाळी बायकोशी बॅकगॅमन हा सोंगट्यांचा खेळ खेळायचा आणि हिशेब ठेवायचा. 1876 साली एका मित्राला त्याने कळवलं, की ती 2490 डाव जिंकली आहे आणि आपण 2795. एवढ्या दोन आकड्यांतून त्यांच्या सगळ्या संध्याकाळी समोर येतात. तुझ्याकडेही आकडे भरपूर आहेत. ते वापर.

एक अवघड गोष्ट. आई कधी कधी चिडायची, असं तू लिहिलंस आणि मग ती ओळ खोडलीस. खोडल्याखालचं मला वाचता आलं. ती ओळ परत घे. इतके छंद म्हणजे घरातली जागा गेली, पैसा गेला, रविवार गेले. अर्धवट राहिलेलं ते स्टूल चार वर्षं पॅसेजमध्ये सगळ्यांच्या पायात आलं, हे खरं असेल तर ते येऊ दे. ज्यांच्यावर कुणी कधी चिडलंच नाही असे बाबा वाचणाऱ्याला परके वाटतील, आणि आईलाही वाटतील. फक्त छापायला देण्याआधी तिला वाचून दाखव. तिने नको म्हटलं तर तो शब्द शेवटचा.

तेव्हा आज लिहायला बसू नकोस. लॉगबुक घेऊन आईशेजारी बस. त्या कोऱ्या तीन महिन्यांत घरात रात्री काय चालायचं, एवढाच प्रश्न विचार, आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेव. तिचाही आवाज राहील. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून मला पाठव. बाकीचं आपण मिळून बघू.

तुझा,
काका

ता. क. कपाटाच्या दारावर बाबा आईसाठी चिठ्ठ्या लावून जायचे, त्या प्रत्येकीच्या कोपऱ्यात 88 का लिहिलेलं आहे, कसला हिशेब आहे का, हे विचारलंस ते उत्तर द्यायचं राहिलं. तारखात्यातल्या लोकांनी जुन्या काळी आकड्यांचे संकेत पाडले होते, त्यातले काही हॅम मंडळी अजून वापरतात. निरोप घेताना मित्राला 73 म्हणतात, म्हणजे शुभेच्छा. 88 म्हणजे प्रेम आणि पापे. आईला मोर्स येत नाही, असं तू म्हणतेस. पण त्या चिठ्ठ्या तिने डब्यात जपून ठेवल्या आहेत, तेव्हा हा एक आकडा तिला वाचता येत असणार.