वाचक विचारतात : दहा वर्षं न हललेली पुस्तकं

प्रश्न : विद्यापीठ ग्रंथालयात जागा उरलेली नाही. कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीतून काढलेल्या यादीत मराठीची बरीच पुस्तकं दहा वर्षांत एकदाही बाहेर गेलेली दिसत नाहीत. ती रद्द करावीत, असं समितीत बोललं जातंय. तेवढी यादी पुरेशी आहे का? – सहायक ग्रंथपाल, बेळगाव

नाही. त्या यादीवरून चौकशी सुरू होते, निकाल लागत नाही. मराठीला वाचक नाही, असा अर्थ तर मुळीच काढू नका. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाचा अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. तिथंही घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पहिल्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती.

आधी पुस्तक उघडून तारीख-चिठ्ठी पाहा. संगणक येण्यापूर्वीची देवघेव तिथंच असते, कोहात नसते. ग्रंथालयात बसून वाचलेलं पुस्तकही यादीत येत नाही. टेबलांवर राहिलेली पुस्तकं परत लावण्याआधी स्कॅन करा. कोहात यासाठी सांख्यिकी प्रकारचं सभासद-खातं उघडता येतं. त्यावर पुस्तक टाकलं की जागेवर वाचल्याची नोंद होते. परीक्षांचे महिने धरून पूर्ण एक शैक्षणिक वर्ष हे करा.

आपल्या भागात खरी अडचण तालिकेची (कॅटलॉगची) आहे. मराठी शीर्षकं रोमन लिपीत, ज्याला जशी सुचली तशी भरलेली असतात. 'ज्ञान' हा शब्द एकानं 'डी-एन'नं सुरू केला, दुसऱ्यानं 'जे-एन'नं. विद्यार्थी देवनागरीत शोधतो, हाती काहीच लागत नाही आणि पुस्तक 'न वापरलेलं' ठरतं. मार्क नोंदीत (संगणकात पुस्तकाची माहिती भरायच्या ठरावीक नमुन्यात) २४५ला (शीर्षक) आणि १००ला (लेखक) जोडून ८८० या टॅगमध्ये देवनागरी रूप भरा. कोहा झेब्रा या शोधयंत्रणेवर चालत असेल तर त्याची अनुक्रमणी (शोधासाठीची शब्दसूची) आयसीयू, म्हणजे देवनागरीसह अनेक लिप्या हाताळणाऱ्या, पद्धतीची आहे ना, हे तंत्रज्ञाकडून पाहून घ्या. नसेल तर देवनागरी भरूनही शोध नीट लागत नाही.

एवढं झाल्यावर छाननी. बदललेल्या अभ्यासक्रमाची क्रमिक पुस्तकं, गाईडं आणि पाच-सहा प्रतींपैकी जास्तीच्या प्रती निःसंकोच काढा. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्याआधीची मराठी पुस्तकं, बेळगाव-निपाणीच्या छापखान्यांत छापलेली पुस्तकं, संस्थांची वार्षिकं, १९४६च्या बेळगाव साहित्य संमेलनासंबंधीचे कागद, यांतलं काहीही वापराच्या आकड्यावरून काढू नये. ते स्टॅकमध्ये, म्हणजे वाचकांना थेट खुल्या नसलेल्या साठवणीच्या रॅकमध्ये, हलवा. इंडकॅटवर (भारतातल्या विद्यापीठ ग्रंथालयांच्या ऑनलाइन एकत्रित तालिकेवर) दुसरीकडे प्रत आहे का, हे जरूर पाहा. पण न सापडल्यास आपली प्रत एकमेव असा निष्कर्ष नको, आणि सापडली तर ती प्रत खरोखर जागेवर आहे का, हे त्या ग्रंथालयाला विचारा. रोमन स्पेलिंगचा घोळ तिथंही आहेच.

रद्द करायची यादी ग्रंथालय समितीकडून पुढं सिंडिकेटकडे (विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळाकडे) जाऊ द्या. मंजुरीनंतर दाखल नोंदवहीत लाल शाईनं ठराव क्रमांक आणि तारीख लिहा. रद्द झालेल्या पुस्तकाचा दाखल क्रमांक नव्या पुस्तकाला कधीही देऊ नका.

प्रश्न : बाजूला काढलेली पुस्तकं तळमजल्यावर ठेवली, पावसाळ्यात बुरशी आली. डांबरगोळ्या टाकल्या, उपयोग नाही. – ग्रंथपाल, खानापूर

डांबरगोळ्यांनी बुरशी थांबत नाही. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की ती येणारच. आर्द्रतामापक लावा आणि रोज दोनदा आकडा लिहा. 'हवा खेळू दे' म्हणून पावसात खिडक्या उघडल्या जातात, त्यानं बाहेरचा ओलावाच आत येतो. जून ते सप्टेंबर खिडक्या बंद ठेवून डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) चालवा. त्याची नळी थेट मोरीत सोडा. बादली भरली की यंत्र थांबतं आणि रात्रभर कुणाला कळत नाही. रॅक भिंतीपासून आणि खालचा कप्पा जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर हवा. पुस्तकं ठासून भरू नका. सरकते रॅक (कॉम्पॅक्टर) असतील तर मध्ये थोडी फट ठेवा.

बुरशी धरलेली पुस्तकं सैल कागदात गुंडाळून वेगळ्या खोलीत न्या. बोट लावल्यावर बुरशी चिकटून पसरली तर ती ओली आहे, तेव्हा पुसू नका. आधी सावलीत वाळू द्या. भुकटीसारखी झाली की एन-९५ मास्क लावून, इमारतीबाहेर, मऊ ब्रशनं झटका. कडक उन्हात ठेवलं तर पुठ्ठा वाकतो आणि कागद पिवळा पडतो.

प्रश्न : स्टॅकमधलं जुनं पुस्तक मागितलं तर 'ठिसूळ आहे' म्हणून झेरॉक्स नाकारली. – संशोधक विद्यार्थिनी, निपाणी

झेरॉक्स नाकारली हे बरोबरच. काचेवर पुस्तक दाबलं की कणा तुटतो. पण वाचायला मिळालंच पाहिजे. पुस्तक पूर्ण न उघडता, दोन्ही बाजूंना उशी किंवा जाड फोम देऊन, फ्लॅश न वापरता फोटो काढू द्यावेत, असा लेखी अर्ज करा. लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं उलटली असतील तर कॉपीराइटची अडचण नाही. मृत्यूचं साल अर्जात लिहा. परत करताना पुस्तकाला रबरबँड लावला जात असेल तर सुती नाडी मागा. रबर वितळून पुठ्ठ्याला चिकटतं आणि ठिसूळ पानांच्या कडा कापतं.