सिसिलीत गाईडसोबत वाईन-फूड टूर घ्यावी का? मिस्टर शाकाहारी आहेत आणि पीत नाहीत

घ्या, पण आठवडाभराची बसवाली पॅकेज टूर घेऊ नका. तुम्ही ऑक्टोबरमध्ये जाताय, तुम्हाला वाईनची आवड, मिस्टर शाकाहारी आणि थेंबही घेत नाहीत, तर पैसे वसूल होतील का असं विचारलंय. माझ्या मते गाईड फक्त दोन ठिकाणी लावा, एटना ज्वालामुखीच्या उतारावरच्या वायनरींना आणि पालेर्मो शहराच्या बाजारात, बाकीचं बेट तुमचं तुम्ही फिरा.

एटनाला गाईड का तर तिथल्या चांगल्या वायनरी छोट्या आहेत, आधी वेळ घेतल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी आत घेत नाहीत, रस्ते लाव्हाच्या दगडी भिंतींमधून जाणारे अरुंद, आणि टेस्टिंग करून गाडी चालवायची म्हणजे इटलीत रक्तात दारूची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे, ती कधी ओलांडली ते कळतही नाही. मिस्टर चालवणार असतील तरी माणूस दिवसभर ड्रायव्हर होऊन बसतो, त्यात काय मजा. (आणि चालवणार असतील तर आपल्या लायसन्ससोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट इथूनच काढून न्या.)

पण खरं कारण वेगळंय. उत्तरेच्या उतारावर रांदाझ्झो ते लिंग्वाग्लोसा या पट्ट्यात द्राक्षं साधारण 400 ते 1,000 मीटर उंचीवर आहेत, आणि तिथे जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचं नाव आहे, त्याला कोंत्रादा म्हणतात, कारण लाव्हा वेगवेगळ्या काळात वाहत आला त्यामुळे शेजारशेजारच्या दोन तुकड्यांची माती एकसारखी नाही. गाईड नसेल तर तुम्ही तीन रेड पिऊन "छान आहेत" म्हणून बाहेर पडाल. चांगला गाईड एकाच शेतकऱ्याच्या, एकाच वर्षाच्या, दोन कोंत्रादांच्या वाईन शेजारी ठेवतो आणि मग फरक जिभेवर कळतो, तिथून पुढे वाईनकडे बघायची नजरच बदलते हे मी मनापासून सांगते.

बागेत नक्की उतरा, फक्त टेस्टिंग रूममध्ये बसू नका. नाशिक-सांगलीकडचे मांडव डोळ्यासमोर असतात ना आपल्या, तिथे तसं काही नाही, प्रत्येक वेल एकटी उभी, गुडघ्या-कमरेएवढी, खोड पिळवटलेलं आणि चेस्टनटच्या लाकडी खांबाला बांधलेली. खाली काळी भुसभुशीत वाळू, मुठीत घेतली की बोटांतून गळून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फायलॉक्सेरा नावाच्या किडीने युरोपातल्या बागा खाल्ल्या, पण ही कीड असल्या वाळूत नीट जगत नाही म्हणून तिथे अजूनही काही वेली शंभरीच्या पुढच्या आणि कलम न करता स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. मुख्य लाल द्राक्ष नेरेल्लो मास्कालेझे, रंग इतका फिका की ग्लासमागचं बोट दिसतं, लोक बघून म्हणतात ही हलकी असणार, आणि मग पहिल्या घोटाला हिरड्या आवळतात. व्हाईटमध्ये कारिकांते घ्या, त्यात पूर्वेकडच्या मीलो गावची, आंबट, खारट, लिंबासारखी स्वच्छ. जुना पाल्मेंतो, म्हणजे पूर्वीची वाईन करायची जागा, असेल तर दाखवायला सांगा, तिथे दगडी ओट्यावर पायांनी द्राक्षं तुडवून रस उतारानेच खालच्या टाकीत सोडायचे.

आता मिस्टरांचं. त्यांची काळजी करू नका, उलट पालेर्मोची सकाळ त्यांच्यासाठीच घ्या, बाल्लारो किंवा कापो बाजारात. तिथे पानेल्ले मिळतात, बेसन शिजवून थापून वड्या पाडायच्या आणि तळायच्या, म्हणजे जवळजवळ आपली पाटवडीच, तीळ लावलेल्या पावात घालून वर लिंबू पिळून देतात, गरम खाल्ले तरच मजा. नवव्या शतकापासून तिथे अरबांचं राज्य होतं, वांगी, लिंबू-संत्री, ऊस हे त्या काळाचं देणं, त्यामुळे वांग्याचे प्रकार भरपूर. कातानियात पास्ता अल्ला नोर्मा, म्हणजे तळलेलं वांगं, टोमॅटो, तुळशीच्या जातीचं बेझिल आणि वरून किसलेलं खारट रिकोट्टा चीज. शिवाय कापोनाता, म्हणजे वांग्याची आंबटगोड भाजी, आणि सकाळी ब्रियोश नावाच्या मऊ पावासोबत बदामाची ग्रानिता, म्हणजे बर्फाच्या गोळ्यासारखा थंडगार प्रकार.

पण इथेच गाईड लागतो, कारण आत काय आहे ते दिसत नाही. स्फिंचोने पिझ्झासारखं दिसतं पण त्यात अँकोवी मासे असतात, भाताच्या गोळ्यांमध्ये मांस नसलेला प्रकार मागितला तरी हॅम निघू शकतं, आणि कन्नोलीच्या, म्हणजे रिकोट्टा भरलेल्या गोड तळलेल्या नळ्यांच्या, कवचात पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी घालतात. बुकिंगच्या मेलमध्ये नुसतं "व्हेजिटेरियन" लिहू नका, मांस, मासे, अँकोवी, हॅम, चरबी काही चालत नाही असं एकेक करून लिहा. चीज करताना दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, ते चालत नसेल तर तेही.

मार्साला या गावाला, जिथली त्याच नावाची वाईन प्रसिद्ध आहे, गाईडची गरज नाही. 1773 मध्ये जॉन वुडहाऊस नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने इथली वाईन जहाजातून टिकावी म्हणून त्यात स्पिरिट घालून पाठवली आणि तिथून या वाईनचं नाव झालं. मोठी तळघरं गावातच आहेत, थेट त्यांच्याकडेच बुक करा आणि व्हेर्जिने नावाचा प्रकार मागा, किमान 5 वर्षं लाकडात मुरलेली आणि कोरडी, स्वयंपाकात घालतात त्या गोड मार्सालाशी तिचा काही संबंध नाही.

टूर निवडताना पहिला प्रश्न हाच की दिवसात किती वायनरी. दोन म्हणाले तर उत्तम, चार म्हणाले तर सोडून द्या, तिसऱ्यापासून जीभ काही सांगत नाही आणि दुपारचं जेवण गाडीत उरकावं लागतं. वाईन चाखून थुंकायचं भांडं असतं, ते बिनधास्त वापरा, कोणी वाईट मानत नाही. न पिणाऱ्याला दर कमी करतात का ते स्पष्ट विचारा, मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

ऑक्टोबर म्हणजे एटनावर तोडणीचा महिना, मालक स्वतः बागेत असतील, क्रेट भरताना बघायला मिळेल, पण त्यांना वेळ कमी असतो म्हणून बुकिंग आत्ताच करा. आणि एटनाचा दिवस परतीच्या फ्लाईटच्या आदल्या दिवशी ठेवू नका. ज्वालामुखी जिवंत आहे, राख उडाली की कातानियाचा एअरपोर्ट बंद होऊ शकतो आणि डोंगरावरचे काही रस्तेही, म्हणून तो सुरुवातीला घ्या आणि मागे एक मोकळा दिवस ठेवा.