ऐकायचं कुणाचं, डॉक्टरांचं, फिजिओचं की मावशींचं?

प्रश्न: आई 79 वर्षांची आहे, 4 महिन्यांपूर्वी पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, बीपी आणि शुगर जुनीच. घरी दिवसभर आईला सांभाळायला ठेवलेल्या मावशी असतात, आठवड्यातून 3 दिवस फिजिओ येतात, अधूनमधून नर्स, आणि महिन्यातून एकदा डॉक्टर. फिजिओ म्हणतात रोज चालवा, नर्स म्हणतात एकटं उठू देऊ नका, मावशी म्हणतात उठलं की त्यांना गरगरतं, आणि पाय सुजलेत म्हणून डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी अजून एक गोळी वाढवली. मी नुसती निरोप पोचवतेय. ऐकू कुणाचं?

उत्तर: ताई, चौघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, अडचण अशी आहे की ते एकमेकांशी बोलतच नाहीत आणि सगळा भार तुमच्यावर येतो. चार जण घरी येतात म्हणजे टीम झाली असं नाही, प्रत्येकाची वेगळी फाईल असेल तर ते चार वेगळे पाहुणेच.

तुम्ही लिहिलंय त्यातलीच एक शक्यता बघा. बीपीच्या काही गोळ्यांनी, अ‍ॅम्लोडिपिन त्यातलीच एक, पायांना सूज येऊ शकते. ती सूज दुसऱ्या कशाची समजून लघवी जास्त होण्याची गोळी सुरू होते, मग रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, उभं राहिलं की बीपी खाली येतं, गरगरतं, पडायची भीती बसते आणि फिजिओला वाटतं पेशंट सहकार्य करत नाही. तुमच्या आईंचं असंच झालंय असं मी इथून म्हणणार नाही, सुजेची इतर कारणंही असतात. पण हे जुळवायला सूज, गोळी, रात्रीचं उठणं आणि गरगरणं या चारही गोष्टी एकाच वेळी कुणाच्या तरी डोळ्यासमोर यायला हव्यात, आणि आत्ता त्या चार जणांकडे विखुरल्यात.

म्हणून नर्सला सांगा, आई 5 मिनिटं आडव्या असताना बीपी घ्या, मग उभं केल्यावर 1 मिनिटाने आणि 3 मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, प्लीज.

आता मावशींबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त त्यांच्याबद्दलच बोलायचंय. दिवसाचे इतके तास आईंना बघणारं दुसरं कोण आहे? अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमध्ये 1970 च्या दशकात ऑन लोक नावाच्या संस्थेने म्हाताऱ्या माणसांना नर्सिंग होमऐवजी घरीच राहता यावं म्हणून काम सुरू केलं, त्यातून पुढे पेस नावाचा सरकारी कार्यक्रम उभा राहिला. त्याच्या नियमात टीमच्या 11 भूमिका ठरवून दिल्यात, डॉक्टर, नर्स, सोशल वर्कर, फिजिओ, आहारतज्ज्ञ वगैरे, आणि त्यात अंगावरची कामं करणारी अटेंडंट आणि गाडीचा ड्रायव्हरसुद्धा आहे. ड्रायव्हर का, तर परवापर्यंत स्वतः गाडीत चढणारे आजोबा आज पायरीपाशी अडखळले हे पहिल्यांदा त्यालाच दिसतं. मावशींना मात्र आपण फक्त ऑर्डर देतो, विचारत नाही.

तुम्ही एवढं करा, घरात एकच वही ठेवा, जो येईल त्याने त्यातच लिहायचं, मावशींना लिहायला जमत नसेल तर त्या सांगतील आणि तुम्ही लिहा. सगळ्या गोळ्यांची यादी पहिल्या पानावर, दुकानातून आणलेली पेनकिलर पण त्यात. महिन्यातून एकदा 20 मिनिटांचा एकत्र कॉल ठेवा आणि पहिलं बोलायला मावशींना द्या, डॉक्टर आधी बोलले की बाकीचे गप्प बसतात, मी हे बऱ्याच घरांत पाहिलंय. निरोप देण्याचं काम नर्स घेतील का विचारा, तुम्ही मुलगी आहात, तुम्हाला थोडं मुलगी म्हणूनही बसू दे त्यांच्याजवळ.

आणि कॉलच्या आधी आईंना विचारा की त्यांना काय जमायला हवंय. तुमच्या पूर्ण पत्रात त्यांचं स्वतःचं एकही वाक्य नाही. त्या म्हणाल्या की रात्री कुणाला न उठवता बाथरूमला जाता यायला हवं, तर फिजिओचा व्यायाम, पलंगाची उंची, रात्रीचा दिवा आणि गोळीची वेळ हे सगळं त्या एका वाक्यावरून ठरवता येईल.