तारीख मागे जाते, लांब बीप येते आणि दुकानदार म्हणतो ‘मदरबोर्ड गेला’: आधी काय तपासावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी २०१२ च्या सुमारास असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून सकाळी बटण दाबले की पंखा फिरतो, थांबून थांबून एक लांब बीप येत राहते आणि स्क्रीन काळीच राहते. तीन-चार वेळा बंद-चालू केल्यावर संगणक एकदाचा सुरू होतो आणि मग दिवसभर तक्रार नसते. मात्र तारीख १ जानेवारी २०१२ झालेली असते आणि बँकेचे संकेतस्थळ व ईमेल दोन्ही उघडत नाहीत. कॅबिनेटला हात लागला तर झिणझिण्या येतात, असेही तुम्ही जाता जाता लिहिले आहे. दुकानदाराने मदरबोर्ड गेल्याचे सांगून नवा संगणक घ्यायला सुचवले आहे.

मी कोकणातील काही शाळा आणि पतसंस्था यांच्या संगणकांची देखभाल करतो आणि जून ते सप्टेंबर या काळात अगदी याच वर्णनाची यंत्रे माझ्यापुढे येत असतात. माझ्या मते तुमच्याकडे एक मोठा बिघाड नसून तीन लहान दोष आहेत आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही: रॅमचे (चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणाऱ्या पट्टीचे) संपर्क खराब झाले आहेत, मदरबोर्डावरचा सेल संपला आहे आणि ज्या प्लगला संगणक जोडला आहे त्याला अर्थिंग नाही. तिन्हींची लक्षणे एकाच यंत्रात एकाच वेळी दिसू लागली की सगळे खापर मदरबोर्डावर फोडणे सोयीचे ठरते, एवढेच.

झिणझिण्यांचे आधी पाहू, कारण पुढची सगळी कामे कॅबिनेट उघडून करायची आहेत. एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, तोंडाशी विजेतील गोंगाट गाळण्यासाठी बारीक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बसवलेले असतात आणि ते फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांपासून कॅबिनेटच्या पत्र्याकडे जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा क्षीण प्रवाह जमिनीत जातो; नसेल तर तो पत्रा २३० व्होल्टच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर राहतो आणि टेस्टर लावल्यास त्यातला दिवा मंद पेटतो. प्रवाह अगदी थोडा असल्यामुळे नुसत्या झिणझिण्या येतात, पण चालू संगणकाला मॉनिटरची किंवा प्रिंटरची केबल लावताना याच कारणाने पोर्ट जळू शकतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या एक्स्टेंशन बोर्डात कसाबसा बसवला आहे का, ते पाहा. तसे नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या बोर्डापर्यंत अर्थिंगची तार खरोखर येते का, याची खात्री करून घ्या. तिसरे भोक आहे म्हणजे त्यामागे तार आहेच, असे जुन्या घरांत गृहीत धरता येत नाही.

आता बीपविषयी. दुकानदाराच्या निदानावर माझा विश्वास बसत नाही तो मुख्यतः या बीपमुळे. बटण दाबल्यावर प्रोसेसर सर्वांत आधी बायोसच्या (संगणक सुरू करून देणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) चिपमधील सूचना वाचू लागतो आणि त्या सूचनांनुसार एकेक भाग तपासत जातो. रॅम सापडली नाही किंवा तिच्यात लिहिलेले परत वाचता आले नाही, तर स्क्रीनवर काही दाखवणे शक्य नसल्यामुळे तो बीप वाजवून तक्रार करतो. म्हणजे बीप ऐकू आली याचाच अर्थ प्रोसेसर चालू आहे, बायोसची चिप वाचली जात आहे आणि एसएमपीएस निदान तेवढ्यापुरता तरी वीज पुरवत आहे. खरोखर मेलेला मदरबोर्ड बहुधा गप्प असतो. थांबून थांबून सतत येणारी लांब बीप ही अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये रॅमच्या दोषाची खूण आहे आणि एक लांब व लगेच दोन छोट्या बीप आल्या तर दोष डिस्प्ले कार्डाकडे असतो. एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये संकेत वेगळे असतात, म्हणून तुमच्या बोर्डाच्या माहितीपुस्तिकेशी ते एकदा ताडून पाहा. तुम्ही केलेल्या वर्णनावरून मात्र मी आधी रॅमच काढून पाहीन.

पावसाळ्याचा संबंध इथे येतो. डीडीआर ३ प्रकारच्या रॅमच्या पट्टीला खालच्या कडेला २४० संपर्क असतात, दोन्ही बाजूंना १२० प्रमाणे. त्यांवर सोन्याचा अत्यंत पातळ थर असतो. पण तो झिजलेला असेल, किंवा स्लॉटमधील संपर्कांवर धूळ बसून तिने दमट, खारी हवा धरून ठेवली असेल, तर एवढ्यांपैकी एखादा संपर्क जरी नीट टेकला नाही तरी पट्टी ओळखली जात नाही. तीन-चार प्रयत्नांनंतर संगणक सुरू होतो, कारण तोवर आतील भाग किंचित तापून ओलावा कमी झालेला असतो. अशा स्थितीत पुन्हा पुन्हा बंद-चालू करत राहणे हार्ड डिस्कच्या दृष्टीने चांगले नाही, हे लक्षात असू द्या.

करायचे ते असे. संगणक बंद करून भिंतीतला प्लग पूर्ण काढा आणि त्यानंतर चालू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठून राहिलेली वीज संपते. कॅबिनेट आडवे ठेवून डावीकडचा पत्रा काढा आणि रॅमला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला एकदा स्पर्श करा. स्लॉटच्या टोकांच्या खिट्ट्या बाहेरच्या बाजूला दाबल्या की पट्टी वर उचलली जाते. तिला फक्त कडांना धरा. संपर्कांची रांग खिडकीजवळच्या उजेडात तिरकी धरून पाहा. निरोगी संपर्क एकसारखे पिवळे चमकतात. खराब झालेल्यांवर करडा किंवा तपकिरी पापुद्रा, आणि पुष्कळदा बोटाचा जुना ठसासुद्धा स्पष्ट दिसतो. शाळेत वापरतात तो पांढरा, मऊ खोडरबर घेऊन हलक्या हाताने, आतून कडेच्या दिशेने, दोन्ही बाजू पुसा आणि रबराचा भुगा कोरड्या रंगकामाच्या ब्रशने पूर्ण झटकून टाका. शाई खोडण्याचा खरखरीत खोडरबर किंवा पॉलिश पेपर कधीही वापरू नका, कारण तो मळाबरोबर सोनेही नेतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळाले तर ते कापडाला लावून पुसणे याहून चांगले. स्लॉटमध्ये ब्रशखेरीज काही घालू नका. तिथे तेलकट स्प्रे मारण्याचा उद्योग काही जण करतात, त्याने धूळ आणखी चिकटते.

पट्टी परत बसवताना तिची खाच स्लॉटमधील उंचवट्याशी जुळवा आणि दोन्ही टोके सरळ दाबा. खिट्ट्या ‘खट्’ आवाज करून आपोआप बसल्या पाहिजेत. तुमच्याकडे दोन पट्ट्या असतील तर आधी एकच बसवून संगणक सुरू करून पाहा, मग दुसरी त्याच स्लॉटमध्ये, आणि मग चांगली ठरलेली पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर दोष पट्टीत आहे की स्लॉटमध्ये, हे पाच मिनिटांत कळते. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर संगणक सुरू होऊनही दोष कशात होता ते कळत नाही. संगणक सुरू झाला की स्टार्ट मेनूतून ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ शोधून एकदा चालवा. हे साधन विंडोजमध्येच असते. त्यात चूक दाखवली गेली तर पट्टी खरोखर खराब आहे. डीडीआर ३ ची वापरलेली पट्टी अजूनही स्वस्तात मिळते.

तारखेचे प्रकरण सोपे आहे आणि ते समजून घेण्यासारखेही आहे. मदरबोर्डावर एक लहान घड्याळ असते, जे सेकंदाला ३२,७६८ कंपने करणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकावर चालते. वीज नसताना त्याला आणि जुन्या बोर्डांवर बायोसच्या सेटिंग्जनाही जागे ठेवण्याचे काम सीआर २०३२ नावाचा बटणासारखा सेल करतो. तो २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा आणि ३ व्होल्टचा असतो. त्याच्या नावातले २० आणि ३२ हे आकडे याच मापांचे आहेत. त्याची क्षमता साधारण २२५ मिलिअँपिअर-तास असते. घड्याळ ५ मायक्रोअँपिअर प्रवाह घेते असे धरले तर हिशेब ४५,००० तासांवर, म्हणजे पाच वर्षांच्या थोड्या पुढे जातो. पण प्लग चालू असताना हे घड्याळ सेलवर नव्हे, तर एसएमपीएसच्या ५ व्होल्टच्या स्टँडबाय विजेवर चालते. म्हणून जिथे संगणक नुसता शटडाउन करतात तिथे सेल अनेक वर्षे टिकतो आणि जिथे रोज रात्री भिंतीवरचे बटण बंद करतात तिथे तो लवकर संपतो. तरीही विजा चमकत असताना भिंतीवरचे बटण बंद करणे, शक्य तर प्लगच काढून ठेवणे, हेच शहाणपणाचे आहे. सेलसाठी मदरबोर्ड पणाला लावू नये.

तारीख चुकली की बँकेचे संकेतस्थळ का अडते, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ ब्राउझरला एक प्रमाणपत्र दाखवते आणि ते अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच वैध असते. तुमच्या संगणकाच्या मते आज २०१२ साल असल्यामुळे आजची सगळी प्रमाणपत्रे त्याला भविष्यातील, म्हणजे अद्याप वैध न झालेली वाटतात आणि तो दार लावून घेतो. तिथे ‘तरीही पुढे जा’ हा पर्याय दिसला तरी बँकेच्या बाबतीत तो कधीही निवडू नका. घड्याळ इतके मागे असेल तर विंडोज ते इंटरनेटवरून आपोआप जुळवेलच असे नाही, म्हणून तारीख आणि वर्ष एकदा हाताने बरोबर करा.

सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो आणि शंभर रुपयांच्या आत येतो. जुना काढण्यापूर्वी बायोसमध्ये जाऊन (बहुतेक बोर्डांवर सुरुवातीलाच डिलीट बटण दाबावे लागते) तिथल्या पडद्यांचे मोबाइलने फोटो काढा, विशेषतः साटा मोड (हार्ड डिस्कशी बोलण्याची पद्धत) आयडीई आहे की एएचसीआय ते. सेल संपल्यावर बायोस मूळ सेटिंग्जवर जातो, आणि विंडोज एका मोडमध्ये बसवलेली असताना मोड दुसराच झाला तर निळा पडदा येऊन संगणक सुरूच होत नाही. ‘हार्ड डिस्क पण गेली’ असे निदान अशा वेळी ऐकायला मिळते, आणि ते चुकीचे असते. तुमची विंडोज आज सुरू होत आहे, त्यामुळे सध्याचा मोड बरोबर आहे. तोच फोटोत टिपून ठेवा. सेलच्या खोबणीला एक लहान पात्याची खिट्टी असते, ती स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने अलगद सरकवली की सेल वर येतो. नवा सेल अधिक खूण वर ठेवून बसवा. मल्टिमीटर असेल तर जुन्या सेलचे व्होल्टेज मोजून पाहा, ते २.७ च्या खाली असेल तर शंकेला जागा उरत नाही. नवा सेल घालूनही तारीख मागे गेली, तर सेलजवळचा बायोसच्या सेटिंग्ज पुसण्याचा जंपर (दोन पिना जोडणारी लहान टोपी) चुकीच्या जागी बसलेला नाही ना आणि खोबणीचे पाते सेलला नीट टेकते ना, एवढे तपासा. आणखी एक: ज्यांच्या संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत आणि घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकते, त्यांनी सेल बदलण्याच्या फंदात पडू नये, लिनक्स त्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि विंडोज त्यालाच भारतीय वेळ समजते.

मदरबोर्डावर खरोखर संशय घ्यावा अशा खुणाही सांगतो. प्रोसेसरच्या आसपासच्या उभ्या कपॅसिटरांची डोकी सपाट असायला हवीत. ती फुगलेली असतील किंवा त्यांवर तपकिरी द्रव वाळलेला असेल, तर दुकानदाराचे म्हणणे बरोबर असू शकते, मात्र कपॅसिटर बदलून देणारे कारागीरही असतात. पडताळून चांगली ठरलेली रॅम सगळ्या स्लॉटमध्ये बसवूनही बीप तशीच राहिली तरीही बोर्डाकडे बोट दाखवता येईल. काम चालू असताना अचानक रीस्टार्ट होत असेल तर आधी एसएमपीएस तपासून घ्या. त्याची १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ या मर्यादेत असली पाहिजे. पण एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नका, कारण प्लग काढल्यानंतरही त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक भार राहू शकतो.

पावसाळाभर संगणक रोज अर्धा-पाऊण तास तरी चालू ठेवा आणि बंद केल्या केल्या त्यावर प्लास्टिकचे आवरण घालू नका. आतली उबदार, दमट हवा त्यात कोंडते. कापडी आवरण चालेल. फोटो आणि कागदपत्रांची प्रत मात्र आजच बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा, कारण इतक्या जुन्या हार्ड डिस्कचा भरवसा मी देणार नाही.

रॅम पुसून आणि सेल बदलूनही संगणक अडला, तर मदरबोर्डावर छापलेला मॉडेल क्रमांक, किती लांब व किती छोट्या बीप येतात ते, आणि कपॅसिटरांचा एक जवळून घेतलेला फोटो इथे द्या, म्हणजे पुढचे सांगता येईल.