टेम्पो, की, मूड : लय, पट्टी आणि नूर

ग्लुक यांच्या ‘ऑर्फेओ एद एउरिदिचे’ या ऑपेरात ‘के फारो सेन्झा एउरिदिचे’ (एउरिदिचेवाचून मी काय करू) हे प्रसिद्ध गाणं आहे. बायको एउरिदिचे हिला गमावल्यावर नायक ऑर्फेओ ते गातो. इंग्लिश गायिका कॅथलीन फेरियर यांनी ते इंग्रजीतून गायलं, त्याची १९४६ची ध्वनिमुद्रिका ऐकून एका वाचकांनी आपलं वाक्य तपासायला पाठवलं आहे : ‘हे गाणं विलंबित लयीत, सी मेजर रागात असून त्याचा रस आनंदी आहे.’ टेम्पो, की आणि मूड यांना लय, राग आणि रस म्हटलेलं चालेल का, असा त्यांचा प्रश्न. शिवाय एक शंकाही आहे : पाश्चात्त्य संगीतातल्या दोन मुख्य सप्तकांपैकी मेजर म्हणजे आनंदी आणि मायनर म्हणजे उदास असं सगळीकडे वाचायला मिळतं, मग बायको गमावलेला माणूस हे कसं गातो?

टेम्पोला लय म्हणा, बिनधास्त. पण विलंबित, मध्य, द्रुत हे शब्द जपून वापरा. ख्यालात लय सहसा एकाच दिशेनं जाते, चढत. या गाण्यात धृपद, म्हणजे फिरून येणाऱ्या मूळ ओळी, तीनदा येतं आणि मधल्या भागात ऑर्फेओ ‘एउरिदिचे!’ अशी हाक मारतो. दुसऱ्या खेपेला, आता ना जगाकडून मदत ना स्वर्गाकडून, असं म्हणताना चाल अगदी संथ होते आणि मग धृपद पुन्हा मूळ लय धरतं. त्यामुळे नुसतं ‘विलंबित’ म्हणून काम भागत नाही. ‘संथ लय, हाकेपाशी थबकणारी’ असं सरळ लिहावं. आणि अशा जागी ‘लय पडते’ असं मात्र कधीही लिहू नका. लय पडली, लय पळाली हे आपल्याकडे गायक-वादकांच्या चुकांचे शब्द आहेत. इथे लय मुद्दाम उतरवलेली आहे.

‘सी मेजर राग’ हे काढून टाका. रागाला चलन असतं, वादी-संवादी असतात, आरोहात कुठला स्वर घ्यायचा आणि कुठला टाळायचा याचे दंडक असतात. सी मेजरमध्ये यातलं काही नाही. फार तर थाटाशी, म्हणजे रागांच्या वर्गवारीसाठी मानलेल्या सात स्वरांच्या संचाशी, तुलना होईल : सगळे स्वर शुद्ध, म्हणजे बिलावल. ‘की’साठी बैठकीत रोज वापरला जाणारा शब्द आहे पट्टी. पेटीवाले गायकाला ‘पट्टी कोणती?’ म्हणून विचारतात आणि उत्तर येतं काळी दोन, पांढरी चार. त्या भाषेत सी म्हणजे पांढरी एक. पट्टीत फक्त षड्ज कुठे आहे ते कळतं, म्हणून पुढे मेजर की मायनर ते जोडावं लागतं. हे दोन शब्द मराठीत रुळलेले आहेत, तसेच ठेवावेत.

यावर आक्षेप येईल की आपल्याकडे पट्टी गायकाची असते आणि ऑपेरात ती रचनेची. आक्षेप अर्धाच खरा आहे. १७६२मध्ये व्हिएन्नात हा ऑपेरा झाला तेव्हा ऑर्फेओची भूमिका कास्त्रातो (आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच खच्चीकरण केलेले) गायक ग्वादान्यी यांच्याकडे होती आणि हे गाणं सीमध्ये होतं. १७७४मध्ये पॅरिसला ती भूमिका उंच गळ्याच्या पुरुष गायकाकडे, लग्रो यांच्याकडे, गेली आणि ग्लुक यांनी स्वतःच गाणं एफमध्ये नेलं. पांढरी एकवरून पांढरी चार! बेल्लिनी यांच्या ‘नॉर्मा’ या ऑपेरातलं ‘कास्ता दिवा’ हे गाणं हस्तलिखितात जीमध्ये आहे, पण सहसा ऐकू येतं ते एफमध्ये. गळ्याप्रमाणे पट्टी तिथेही बदलते, म्हणून हा शब्द मला चपखल वाटतो.

ध्वनिमुद्रणाबद्दल लिहिताना आणखी एक पाहावं लागतं. कागदावरचा सी आणि कानावर पडणारा सी एकच असेल असं नाही. जुनी तबकडी सहा टक्के जलद फिरली तर सूर अर्धा स्वर चढतो आणि लयही तेवढीच वाढते. त्या काळच्या धर्तीची वाद्यं घेऊन केलेल्या मुद्रणांत ए हा स्वर ४४० हर्ट्झऐवजी (सेकंदाला ४४० कंपनांऐवजी) बहुधा ४३०वर लावलेला असतो. म्हणजे सगळं गाणं पाव स्वराहून किंचित कमी उतरलेलं. पेटीवर ताडून पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता मूड. नवरसांत आनंद नावाचा रस नाही, तेव्हा ‘आनंदी रस’ तसंही बसत नाही. ऑर्फेओचा भाव शोक आहे आणि प्रसंगाचा रस करुण. तो कोणीही गायलं तरी बदलत नाही. बदलतो तो त्या विशिष्ट गायनाचा नूर. ‘बैठकीचा नूर पालटला’ असं आपण म्हणतोच. ध्वनिमुद्रिकेच्या मूडसाठी मी नूरच लिहीन.

तो नूर पट्टीवरून ओळखता येत नाही, हे या गाण्याइतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं. एक मायनरचा तुकडा सोडला तर त्यात शुद्ध स्वरांचंच राज्य आहे. व्हिएन्नाचे समीक्षक हान्सलिक यांनी १८५४मध्ये दाखवून दिलं की ‘माझी एउरिदिचे हरवली’ऐवजी ‘माझी एउरिदिचे सापडली’ असे शब्द घातले तरी ही चाल तितकीच शोभते. ग्लुक यांना हे आधीच माहीत होतं. १७७०मध्ये आपल्याच ‘पारिदे एद एलेना’ या ऑपेराच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं आहे की या गाण्याच्या उच्चाराची रीत जराशी बदलली तर त्याचा कळसूत्री बाहुल्यांचा नाच होईल. स्वर किती धरायचा, गती कधी वाढवायची, आवाज कुठे उचलायचा, यावर सगळा प्रसंग तरतो किंवा बुडतो, असं त्यांचं म्हणणं. आपल्यालाही हे अनोळखी नाही. पहाडीचे स्वर बहुतेक शुद्धच, तरी त्यात विरह किती गायला गेला आहे! ‘मेजर म्हणून आनंदी’ हे समीकरण म्हणूनच सोडून द्यावं.

तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘लय संथ, मधल्या हाकेपाशी आणखी उतरणारी, पट्टी सी मेजर, म्हणजे पांढरी एक, नूर शोकाचा, पण आवरून धरलेल्या शोकाचा.’ दुसऱ्या कुणी हेच गाणं चालत्या लयीत गायलं असेल तर पहिला तुकडा बदला आणि शेवटचा पुन्हा ऐकून ठरवा. मधला बहुधा तसाच राहील.