जपानला जातोय. घरात कुणी पीत नाही, मुलं सोबत आहेत. योइची व्हिस्की डिस्टिलरी बघावी का, की तो दिवस ओतारूला द्यावा?

जावं, नक्की जावं. मी थेंबही घेत नाही, आणि जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर मला सगळ्यात जास्त भावलेली जागा तीच.

आमचं कागलकडे गुऱ्हाळ होतं. त्यामुळे योइचीत भट्टीच्या खोलीत शिरल्यावर माझी नजर तांब्याच्या मोठाल्या भांड्यांवर गेलीच नाही, खाली जाळाकडे गेली. बाकी ठिकाणी हल्ली बहुतेक वाफेवर काम चालतं. १९३४ साली उभ्या राहिलेल्या या डिस्टिलरीत अजून भांड्याखाली दगडी कोळसा पेटतो. एक माणूस फावडं घेऊन उभा. झडप उघडायची, आत बघायचं, दोन-तीन फावडी कोळसा टाकायचा, तोही ढीग न लावता पसरून, की झडप बंद. थोड्या वेळाने पुन्हा तेच. जाळ वाढला तर तळाला लागतं, उतरला तर उकळी मोडते. योइचीच्या व्हिस्कीला भाजका वास येतो तो या जाळामुळेच.

मला आमचा जळव्या, म्हणजे गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाळ घालणारा माणूस, आठवला. आम्ही पोरं त्याला तात्या म्हणायचो. काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, फेसाचा रंग बघून तो चिपाड (रस काढलेल्या उसाचा वाळका चोथा) कमी-जास्त करायचा, गूळ करणाऱ्या गुळव्याने सांगायची वाट बघायचा नाही. एका हंगामात त्याने मजुरी वाढवून मागितली. दादा म्हणाला, "जाळ घालायला काय अक्कल लागते? कुणीही घालेल." तात्या गेला, नवा पोरगा आला, आणि पहिल्याच आठवड्यात दोन आदणं, म्हणजे गुळाचे दोन घाणे, काळी पडली. मार्केट यार्डात अडत्याने ढेप फोडून बघितली आणि भाव पाडला. दादाने दोष उसाला दिला. तेव्हापासून आमचा वाद आहे. ऊस तोच होता, रान तेच होतं. बदलला होता तो फक्त चुलवाणापुढचा माणूस.

ही डिस्टिलरी काढणारे मासाताका ताकेत्सुरू १९१८ साली स्कॉटलंडला गेले ते विद्यापीठात शिकून थांबले नाहीत, तिथल्या भट्ट्यांवर राबले. १९२० मध्ये रीटा या स्कॉटिश मुलीशी लग्न करून परतले. योइची निवडलं ते हवा स्कॉटलंडसारखी थंड म्हणून. घराणं साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, बनवणारं, म्हणून भांड्यांच्या गळ्यात आजही पेंढ्याचा जाड दोर आणि पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या बांधलेल्या दिसतात. आमच्याकडे हंगामाच्या पहिल्या दिवशी चुलवाणापुढे नारळ फुटायचा, तसंच ते. व्हिस्की मुरेपर्यंत कंपनीने सफरचंदाचा रस विकला. 'निक्का' हे नाव त्या रसाच्या कंपनीच्या नावातूनच आलंय. मुलांना हे जरूर सांगा.

ओतारू छान आहे. १९२३ चा कालवा, दगडी गोदामं, हेरिंग मासळीच्या पैशावर उभं राहिलेलं बंदर. जाळ्यांना बांधायचे काचेचे गोळे तिथे बनायचे, त्यातूनच आजची काचेची दुकानं आली. अर्धा कालवा बुजवून रस्ता केलाय. लोक भांडले म्हणून उरलेला वाचला. संध्याकाळी गॅसबत्त्या लागल्यावर तासभर फिरा, पुरे. सकाळी योइची करून दुपारनंतर ओतारू सहज होतं. मधे ट्रेनने साधारण अर्धा तास, पण गाड्या कमी, वेळापत्रक आधी बघा. योइची स्टेशनातून बाहेर पडलात की डिस्टिलरी समोरच.

दादाला मी तिथूनच व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर, "तो कोळसा आहे, चिपाड नाही." म्हणजे इतक्या वर्षांनीही दोष उसाचा नव्हता एवढं त्याच्या तोंडून निघत नाही. तुमच्याकडे कुणी जळव्याच्या मजुरीवरून घासाघीस करत असेल, तर त्याला आधी इथे आणून उभं करा.

टूरचं बुकिंग आधी करावं लागतं, आणि कोळशाची भट्टी रोज पेटलेली असेलच असं नाही. आम्हाला मिळाली. पेटलेली असेल तर गाइड पुढे सरकला तरी मुलांना झडप दोनदा उघडेपर्यंत तिथेच थांबवा.